काळी पाच

आईचं वय मला कधी वर्षांत मोजता आलं नाही.
लग्न होऊन गंगावेशीत आली तेव्हा ती काळी पाचला गायची.
माझ्या जन्मानंतर काळी चार.
आप्पा गेले त्या श्रावणात पांढरी चार.
शेवटी काळी दोनवर येऊन टेकली
आणि म्हणाली, आता ह्याच्या खाली
पायरी नाही गं,
पाणीच आहे.

शुक्रवारी गरुड मंडपात तिच्या मंडळाची पाळी.
सात बायका, एक पेटी, टाळांचे चार जोड
आणि पखवाजाला भांड्यांच्या दुकानातला दत्तोबा कासार,
ज्याची लय नेहमी घराकडं पळायची.
आई भजन न थांबवता
नुसत्या डोळ्यांनी त्याला मागं ओढून आणायची.

मी खांबाला टेकून गृहपाठ करायचे.
कधी हौसेनं सूर मिसळला
तर ती क्षणभर भाता धरून ठेवायची.
मग म्हणायची, तू टाळ घे.
टाळाला सूर नसतो
असं मला बाराव्या वर्षापर्यंत वाटत होतं.

त्या ऑगस्टात पंचगंगा
आमच्या जिन्याची तिसरी पायरी चढून आली.
खाली होडीतली पोरं ओरडत होती,
आज्जी, चला की, एकच काय ते घ्या!
देव्हारा तिच्या पाठीशी होता.
तिनं पेटी उचलली.
जुन्या नऊवारीत गुंडाळून
तापातल्या लेकरासारखी मांडीवर घेतली.
आणि देव? मी विचारलं.
देव पितळंचे आहेत, ती म्हणाली,
भिजले तर पुसून घेऊ.
लाकूड फुगलं तर सूर कुठनं आणायचा?

होडी गल्लीच्या तोंडाशी वळली
तेव्हा आमच्या खिडकीकडं बघून
तिनं हळूच कानाच्या पाळीला हात लावला.
चूक कबूल करताना लावतात तसा
की गुरूचं नाव घेताना लावतात तसा,
मी विचारलं नाही.

नऊ दिवसांनी गाळातून देव काढले.
बाळकृष्णाच्या गुडघ्यांना चिखल होता,
आमच्या मागं थोडं रांगत येऊन
परत फिरल्यासारखा.
आई त्याला चिंचेनं घासत बसली,
घासताना गुणगुणत,
आणि मध्येच थांबून म्हणाली, रागावलाय.

तिच्या शेवटच्या कार्तिकात
किरणं दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत आली.
तिसऱ्या दिवशी ढग.
पेपरातली बातमी मी तिला वाचून दाखवली.
पोचतील पुढच्या खेपेला, ती म्हणाली,
मुखापर्यंत जायला वेळ लागतोच.
माघात पोचली.
देवळात इतकी गर्दी होती म्हणे
की मागच्यांना नुसता उजेड दिसला.
मी गेले नाही.

पेटी मिरजेला नेली.
कारागिरानं तळ उघडला आणि कागदावर एकेक काढून ठेवलं:
अक्षता, वेलदोड्याचं साल, केसांचा आकडा,
चार आण्याचं नाणं.
काळी पाचच्या खाली कुंकू जाऊन बसलेलं,
घट्ट, लाखेसारखं.
ही पट्टी कैक वर्षं बोलली नसणार, तो म्हणाला.
साफ करू?
मी हो म्हणाले, आणि बाहेर जाऊन
रस्त्यावर उभी राहिले,
ते खरवडणं ऐकू नये म्हणून.

माझी मृण्मयी देवळात येत नाही.
बाहेर चपला सांभाळते, कानात वायरी घालून.
आजीशी ह्यावरून तिचं कधी वाजलं नाही.
दोघी संध्याकाळी तासन्‌तास आकार लावत बसायच्या,
शब्द कुणाचे हा प्रश्नच यायचा नाही.

काल रात्री वीज गेली होती.
तिनं अंधारात पेटी ओढली,
चाचपत चाचपत काळी पाच दाबली
आणि नुसत्या ‘आ’वर
तिथं जाऊन उभी राहिली
जिथं आई माझ्या जन्माआधी उभी होती.

मी टाळ शोधायला उठले.
सापडले नाहीत. पुरात गेले असतील.
मांडणीवरच्या दोन पितळी वाट्या घेतल्या
आणि एकमेकींवर टेकवल्या.

तिनं क्षणभर
भाता धरून ठेवला.